शनिवारचा डाव आणि ८ जीबीचा मॅक : एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एकत्र शिकलेले पाच जण. एक आता पुण्यात, एक नाशकात, एक कोल्हापुरात, एक जर्मनीत श्टुटगार्टला आणि एक अमेरिकेत सिएटलला. दर शनिवारी रात्री साडेनऊला पाचही जण ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा गावं वसवून फौजा लढवण्याचा कॉम्प्युटर गेम खेळायला बसतात. उन्हाळ्यात तेव्हा श्टुटगार्टला संध्याकाळचे सहा आणि सिएटलला सकाळचे नऊ वाजलेले असतात. मूळ गेम १९९९चा. हे खेळतात ती त्याची २०१९च्या नोव्हेंबरात आलेली नवी आवृत्ती, ‘डेफिनिटिव्ह एडिशन’. गेमइतकंच महत्त्व त्या दोन तासांत हेडफोनवर चालणाऱ्या गप्पांना आहे. कोणाच्या घरी काय चाललंय हे बहुतेक वेळा डार्क एजमध्ये, म्हणजे डावाच्या पहिल्या टप्प्यात, मेंढ्या शोधतानाच कळतं.

२०२४च्या पावसाळ्यात पुणेकरणीच्या जुन्या विंडोज लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. ती फ्रीलान्स डिझायनर. काम ज्या सॉफ्टवेअरवर चालतं त्यासाठी तिला मॅकच हवा होता, म्हणून तिने मॅकबुक एअर घेतला. एम२ चिप, ८ जीबी मेमरी, २५६ जीबी स्टोरेज. कामासाठी ही निवड चोख होती. शनिवारचा विचार दुकानात कोणी करत नाही.

नावं, गावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तांत्रिक भाग जसाच्या तसा ठेवला आहे. या प्रकरणात माझं काम सल्ला देण्याचं.

अडचण

ही ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ मॅकसाठी निघालेलीच नाही. पूर्वी यावर सोपा उपाय होता. २००६पासून इंटेलच्या मॅकवर अ‍ॅपलचंच बूट कॅम्प असायचं. मॅकवर विंडोज टाकायचं, चालू करताना हवी ती सिस्टिम निवडायची आणि खेळायचं. २०२०च्या नोव्हेंबरात एम१ आली आणि हा रस्ता बंद झाला. अ‍ॅपलच्या नव्या चिपा एआरएम जातीच्या आहेत, म्हणजे इंटेलपेक्षा वेगळी भाषा समजणाऱ्या, आणि त्यांच्यावर बूट कॅम्प नाही.

उरतं ते व्हर्च्युअलायझेशन. म्हणजे मॅकच्या आत एका खिडकीत विंडोजचा संपूर्ण आभासी कॉम्प्युटर चालवायचा. पण तिथे चालणारं विंडोजही एआरएमचंच लागतं, आणि गेम तर इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला. त्यामुळे मध्ये दोन दुभाषे बसतात. गेमच्या सूचना एआरएमच्या भाषेत आणण्याचं काम विंडोज ११ स्वतः करतं. गेम डायरेक्टएक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या चित्र काढण्याच्या भाषेत, जे चित्र मागतो, ते अ‍ॅपलच्या मेटल या तशाच भाषेत काढून देण्याचं काम व्हर्च्युअलायझेशनचं सॉफ्टवेअर करतं. दोघेही आपापल्या कामात तरबेज आहेत, पण फुकट राबत नाहीत. प्रोसेसरचा आणि मेमरीचा काही हिस्सा दोघेही घेतात.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही विंडोज गेमला लागू आहे. या प्रकरणात एक वेगळी गाठ होती. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये हजारो सैनिकांच्या जागा इंटरनेटवरून पाठवल्या जात नाहीत. पाठवले जातात ते फक्त हुकूम : हा घोडेस्वार इकडे, तो गावकरी त्या झाडाकडे. पुढची सगळी लढाई प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर स्वतंत्रपणे, पण पावलाला पाऊल जुळवून घडते. १९९०च्या दशकातल्या मोडेमवर शेकडो सैनिक लढवता यावेत म्हणून काढलेली ही युक्ती आजही तशीच वापरात आहे.

त्यातून दोन गोष्टी निघतात. एक, ज्याचा कॉम्प्युटर सगळ्यात हळू, त्याच्या वेगाने सगळ्यांनी चालायचं. दोन, कोणाच्याही कॉम्प्युटरवर गणिताचं उत्तर दूरच्या दशांश स्थळी जरी वेगळं आलं, तरी थोड्या वेळाने दोन कॉम्प्युटरवरच्या लढाया वेगळ्या होतात. मग गेम ‘आउट ऑफ सिंक’ म्हणून थांबतो आणि डाव मोडतो.

म्हणून ‘माझ्या मॅकवर गेम सुरू होतो का’ हा प्रश्न पुणेकरणीला पुरेसा नव्हता. एकट्याने खेळताना अडखळणारा गेम माणूस सहन करतो. इथे तिचा मॅक अडखळला की श्टुटगार्टमधला माणूसही अडखळणार होता.

तोलून पाहिलेले पर्याय

पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर सल्ल्यांचा पूर आला. सगळे पर्याय सारख्याच गांभीर्याने घेण्याजोगे नव्हते.

कोल्हापूरकराने सुचवलं, “अगं, एक जुना सेकंडहँड विंडोज लॅपटॉप घेऊन टाक की.” तांत्रिकदृष्ट्या हा सगळ्यात निर्धोक उपाय. पण एका संध्याकाळसाठी दुसरं यंत्र घरात आणायला ती तयार नव्हती.

दुसरा पर्याय आईवडिलांच्या घरी असलेल्या डेस्कटॉपचा. गेम तिथे चालवायचा आणि त्याचं चित्र स्टीम या गेमच्या दुकानाच्या ‘रिमोट प्ले’ सोयीने पुण्यात मॅकवर बघायचं. हा प्रयोग झालासुद्धा. चित्र बरं आलं, माउस किंचित मागे राहिला. पण दर शनिवारी बाबांना फोन करून “बाबा, वरच्या खोलीतला कॉम्प्युटर चालू करता का?” असं विचारावं लागायचं. एकदा ऐन कॅसल एजमध्ये, डावाच्या तिसऱ्या टप्प्यात, बाबांचाच फोन आला, “अगं, लाइट गेलीय.” त्यानंतर हा पर्याय कोणी पुन्हा काढला नाही.

कोणाच्या तरी सर्व्हरवर गेम चालवणाऱ्या क्लाउड सेवा श्टुटगार्टवाल्याला उपलब्ध होत्या. त्याने हौसेने सुचवल्याही. पण एनव्हिडियाची जीफोर्स नाऊ आणि मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स क्लाउड या दोन्ही तेव्हा भारतात सुरू झाल्या नव्हत्या.

खरी तुलना दोन रस्त्यांमध्ये होती.

एक रस्ता क्रॉसओव्हरचा. हे कोडवीव्हर्स कंपनीचं सॉफ्टवेअर १९९३मध्ये सुरू झालेल्या ‘वाइन’ प्रकल्पावर उभं आहे. यात विंडोज नसतंच. गेम विंडोजला ज्या हाका मारतो, त्यांना मॅकच्या बाजूने ओ देणारा एक थर असतो. विंडोजचा परवाना लागत नाही आणि मेमरीची वाटणीही करावी लागत नाही. २०२३च्या जूनमध्ये अ‍ॅपलने गेम पोर्टिंग टूलकिट आणलं. त्यातला डायरेक्टएक्स १२ समजणारा भाग क्रॉसओव्हरनेही घेतला, त्यामुळे अलीकडच्या कितीतरी मोठ्या गेमांना हाच रस्ता बरा पडतो. एकट्याने खेळणाऱ्या माणसाने मला विचारलं, तर मी आधी हेच बघायला सांगेन.

दुसरा रस्ता पूर्ण विंडोजचा. यात पॅरलल्स डेस्कटॉप, व्हीएमवेअर फ्यूजन आणि फुकट मिळणारं यूटीएम ही तीन नावं समोर होती. यूटीएममध्ये विंडोजला ग्राफिक्सचा वेग मिळत नाही, त्यामुळे ते लगेच वगळलं. पॅरलल्सला वर्गणी लागते. फ्यूजन प्रो २०२४च्या मे महिन्यापासून वैयक्तिक वापरासाठी मोफत झालं होतं. या दोघांचीही धाव डायरेक्टएक्स ११पर्यंत. डायरेक्टएक्स १२ मागणारा गेम असता, तर प्रकरण इथेच संपलं असतं. ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ ११वर चालते, म्हणून पुढे जाता आलं.

पहिला निर्णय : व्हॅलोरंट सोडणं

मंडळी अधूनमधून व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा गेमही खेळायची. तो विषय एका संध्याकाळीच संपला, आणि संपायलाच हवा होता. व्हॅलोरंटचा फसवणूक रोखणारा पहारेकरी, व्हॅनगार्ड, विंडोजच्या गाभ्यात शिरून बसतो. आपण आभासी कॉम्प्युटरमध्ये आहोत असं त्याला दिसलं, की तो गेम चालू होऊ देत नाही. फसवणूक करणारे लोक नेमके अशाच आभासी कॉम्प्युटरांच्या आडून गेमच्या मेमरीत हात घालतात, त्यामुळे त्याचा हा हट्ट समजण्याजोगा आहे.

नाशिककराला एक व्हिडिओ सापडला. विंडोज आभासी असल्याचं लपवण्याची सेटिंग्ज त्यात होती. यावर ग्रुपवर बरीच वादावादी झाली. माझं मत तेव्हाही स्पष्ट होतं : ही सेटिंग्ज आज चालली तरी उद्याच्या अपडेटला पकडली जातील, आणि बंदी येते ती खात्यावर. कित्येक वर्षं जमवलेलं खातं पणाला लावण्याइतकी ही निकड नव्हती. पुणेकरणीने “नको रे बाबा” म्हणून विषय मिटवला.

ही जमीन सरकतीही असते. त्याच वर्षी सप्टेंबरात पीसीवरच्या ‘जीटीए ऑनलाइन’ला बॅटलआय नावाचा पहारेकरी जोडला गेला. आज आभासी विंडोजमध्ये चालणारा ऑनलाइन गेम उद्याही चालेलच, हे गृहीत धरून पैसे घालू नयेत.

दुसरा निर्णय : क्रॉसओव्हर की पूर्ण विंडोज

आधी क्रॉसओव्हरची चाचणी आवृत्ती घेतली. गेम सुरू झाला, चित्र सुरेख, कॉम्प्युटरविरुद्धचा डाव विनासायास. पुणेकरणीने ग्रुपवर ‘वोलोलो’, म्हणजे या मालिकेतली प्रसिद्ध आरोळी, असा एकच शब्द टाकला. या गेमच्या खेळाडूंना त्याहून जास्त सांगावं लागत नाही.

शनिवारी मात्र डाव अर्ध्या तासाच्या आत ‘आउट ऑफ सिंक’ झाला. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. कारण जुनंच आहे आणि लिनक्सवर वाइनच्या मदतीने हा गेम खेळणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. साइन, कोसाइनसारखी गणितं करायला गेम विंडोजच्या ‘यूसीआरटीबेस’ नावाच्या फाइलवर अवलंबून असतो. वाइनमध्ये या फाइलची स्वतंत्रपणे लिहिलेली आवृत्ती असते. तिची उत्तरं बरोबरच असतात, पण मायक्रोसॉफ्टच्या उत्तराशी शेवटच्या अंकापर्यंत जुळतीलच असं नाही. एकट्याच्या खेळात याने काडीचा फरक पडत नाही. पावलाला पाऊल जुळवून चालणाऱ्या पाच जणांच्या डावात मात्र तेवढा फरकही पुरतो.

यावरचा प्रचलित तोडगा म्हणजे खऱ्या विंडोजमधून ती फाइल उचलून वाइनच्या फोल्डरमध्ये टाकणं. सिएटलवालीने तो लगेच शोधून दिला. इथे खरी निवड करायची होती. तोडगा बहुधा चालला असता. पण ज्या रात्री तो चालणार नाही, त्या रात्री पाच जणांचा डाव मोडणार आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची हे कोणालाच कळणार नाही. पुणेकरणीला कॉम्प्युटर वापरायला आवडतो, उघडून बसायला नाही. तिने खरं विंडोज निवडलं आणि माझ्या मते बरोबर निवडलं.

तिसरा निर्णय : ८ जीबीची वाटणी

पॅरलल्सची १४ दिवसांची मोफत चाचणी घेतली. एआरएमचं विंडोज ११ ते सॉफ्टवेअर स्वतःच उतरवून घेतं. २०२३च्या फेब्रुवारीपासून या व्यवस्थेला मायक्रोसॉफ्टची अधिकृत मान्यताही आहे. विंडोजचा परवाना मात्र वेगळा घ्यावा लागतो. या खर्चाचा ग्रुपवरच्या चर्चेत कोणी उल्लेखच केला नव्हता.

मग मेमरी. अ‍ॅपलच्या चिपेवर प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच मेमरीतून पाणी पितात. ८ जीबीतच मॅकओएस, त्याच्या आत विंडोज, विंडोजच्या आत गेम, आणि या सगळ्याचं चित्र. आधी विंडोजला ६ जीबी दिले, कारण जास्त म्हणजे चांगलं असं वाटतं. विंडोज खूश झालं, पण खाली मॅकचा जीव घुसमटला. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरीचा आलेख पिवळ्यातून लाल झाला. मॅक मेमरीत न मावणारी माहिती एसएसडीवर टाकू लागला आणि चित्र मध्येच गोठू लागलं. त्यात २५६ जीबीच्या एम२ एअरमधली एसएसडी मोठ्या क्षमतेच्या मॉडेलपेक्षा हळू आहे, त्यामुळे हा मार जास्तच बसला.

४ जीबी ही विंडोज ११ची किमान गरज. तेवढ्यावर गेम चालला, पण मोठ्या लढाईत विंडोज स्वतःच गुदमरायला लागलं. शेवटी ५वर तडजोड झाली, आणि अट अशी की शनिवारी रात्री मॅकवर ब्राउझर, डिझाइनचं सॉफ्टवेअर, सगळं बंद. गप्पांचा कॉलही मॅकवरून हलवून फोनवर नेला. या एका बदलाने अपेक्षेपेक्षा जास्त फरक पडला.

प्रोसेसरचे चार कोअर दिले. पॅरलल्सच्या साध्या आवृत्तीत तेवढेच देता येतात. जास्त देऊनही फारसं काही साधलं नसतं, कारण या गेममधल्या लढाईचा मुख्य हिशेब एकाच कोअरवर ओझं टाकतो.

सगळ्यात मोठा फायदा दिला तो एका साध्या सेटिंगने. एअरचा पडदा २५६० गुणिले १६६४ पिक्सेलचा आहे. आभासी विंडोज रेटिनाच्या, म्हणजे दाट पिक्सेलच्या पडद्याच्या, पूर्ण बारकाव्यात चालू दिलं, तर तेवढे सगळे पिक्सेल दर वेळी रंगवावे लागतात. ते बंद करून गेम १४४० गुणिले ९००च्या आसपास आणला. गेममध्येच संगणकाची ताकद मोजणारी चाचणी आहे आणि रँक्ड सामन्यांसाठी त्यात १००० गुण लागतात. मित्रांच्या डावाला ती अट नाही, पण मोजपट्टी म्हणून चांगली. आधी तिचे गुण हजारच्या खाली होते, या बदलानंतर वर गेले. जादा बारकाव्याचा ग्राफिक्स पॅक उतरवलाच नाही. त्याने जागाही वाचली.

किरकोळ त्रास बरेच होते. एफ११ दाबलं की गेमऐवजी मॅक उत्तर द्यायचा. पडद्याच्या कडेला माउस नेला की नकाशा सरकण्याऐवजी कधी मॅकचा डॉक वर यायचा. मॅकचे ते शॉर्टकट बंद केले, पॅरलल्समध्ये माउसची गेमसाठीची सेटिंग लावली आणि ट्रॅकपॅडचा नाद सोडून साधा यूएसबी माउस घेतला.

चौथा निर्णय : नियम कोणी बदलायचे

पहिले दोन शनिवार छान गेले. ‘आउट ऑफ सिंक’ एकदाही नाही. मग एक लांबलेला डाव आला. कॉम्प्युटरविरुद्ध नव्हे, पाचही जण आपापसात, दर माणशी २०० लोकसंख्या (गावकरी आणि सैनिक मिळून). तासाभराने सगळ्यांचीच लढाई मंदावली. एअरमध्ये पंखा नाही. तापला की चिप स्वतःचा वेग कमी करते, आणि नेमकी त्याच वेळी लढाई सगळ्यात दाट असते.

मी लोकसंख्येची मर्यादा २०० वरून १५० करायला सुचवलं. नाशिककर पुणेकरणीवर उसळला, “म्हणजे तुझ्या मॅकसाठी आम्ही माणसं मारायची?” तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. २००च्या फौजेची मजा वेगळी असते, आणि बाकी चौघांकडे ती पेलणारे लॅपटॉप होते. पुणेकरणीने मग स्वतःच सुचवलं : मोठा डाव असेल त्या रात्री मी फक्त कॉलवर असेन, खेळणार नाही. त्यावर श्टुटगार्टवाला म्हणाला, “मग मीही नाही.”

तोडगा असा निघाला : दर शनिवारी आधी १५०चा डाव, मध्यम नकाशा. तो संपल्यावर ज्यांना हवा त्यांचा २००चा. तांत्रिक सेटिंग्जमध्ये आठवडे गेले होते. जो बदल सगळ्यात जास्त उपयोगी पडला, त्याला दहा मिनिटं लागली, आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मेनूत नव्हता.

निष्पत्ती

चाचणीचा काळ संपल्यावर तिने पॅरलल्सची वर्षाची वर्गणी भरली. विंडोज आणि गेम मिळून आतली जागा भरून गेली, म्हणून आभासी विंडोजची अख्खी फाइल बाहेरच्या यूएसबी-सी एसएसडीवर हलवली. ऑक्टोबरमध्ये विंडोजची २४एच२ आवृत्ती आली. तिच्यात प्रिझम हा नवा भाषांतरकार आहे. डाव थोडे सुरळीत झाल्यासारखे वाटले. पण तोवर पुण्यातला उकाडाही उतरला होता, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं हे सांगता येणार नाही.

३० ऑक्टोबरला अ‍ॅपलने त्याच किमतीत एम२ एअर १६ जीबी मेमरीसह द्यायला सुरुवात केली. ग्रुपवर ही बातमी टाकणाऱ्या कोल्हापूरकराला दोन दिवस कोणी उत्तर दिलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

फ्यूजन आधी तपासायला हवं होतं. १३.५ या आवृत्तीपासून त्यातही डायरेक्टएक्स ११ आहे आणि पैसे लागत नाहीत. ते डावललं गेलं ते केवळ पॅरलल्सची मांडणी सोपी म्हणून. हे कारण चाचणीच्या दोन आठवड्यांपुरतं ठीक होतं, वर्षभराच्या वर्गणीसाठी तोकडं.

पहिली चाचणी पाच जणांच्या डावाचीच घ्यायला हवी होती. क्रॉसओव्हरमध्ये एकटीने खेळून सगळं ठीक आहे असं ठरवण्यात आठवडा गेला. गेम ज्या पद्धतीने खेळायचा आहे त्याच पद्धतीने, सगळ्यात मोठ्या लढाईपर्यंत खेळून पाहिला असता, तर आउट ऑफ सिंक आणि तापणं या दोन्ही गोष्टी पहिल्याच शनिवारी दिसल्या असत्या.

मेमरीचं मात्र तिच्या हातात फारसं नव्हतं. ती विकत घेताना ठरते आणि नंतर वाढवता येत नाही. मॅक घ्यायच्या आधी हे कोणी विचारलं, तर विंडोज आत चालवायचं असेल तर १६ जीबीच्या खाली जाऊ नका, एवढंच मी सांगतो. आणि लॅपटॉप ऑफिसचा असेल, तर यातलं काहीही करण्याआधी तिथल्या आयटीवाल्यांना विचारा.

नोव्हेंबरात फ्यूजन सगळ्यांसाठीच, व्यावसायिक वापरालाही, मोफत झालं. पॅरलल्सच्या वर्गणीचं नूतनीकरण येण्याआधी एका शनिवारी त्यावर १५०चा पूर्ण डाव खेळून बघायचं ठरलं आहे. नाशिककराची अट आहे की त्या रात्री नकाशा तो निवडणार.